हरलेल्या हेवीवेटने थांबावं का? आधी तो कसा हरला ते बघा

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी चुकीचं समजलो असेन तर तुम्हाला लगेच कळेल. तुमचा दादा ३८ वर्षांचा, वजन १०४ किलो, म्हणजे हेवीवेट, बॉक्सिंगमधला सगळ्यात वरचा वजनगट. खेळाडू कोट्यातून रेल्वेत लागला, हौशी बॉक्सिंगमध्ये नाव कमावलं, आणि गेली काही वर्षं व्यावसायिक बाउट (सामने) खेळतोय. आधीची बाउट गुणांवर हरला. तीन आठवड्यांपूर्वीची पाचव्या राऊंडमध्ये रेफरीने थांबवली. आता तो म्हणतो, "एक अजून, मग बंद." वहिनी रडून राहिल्या, आई त्याच्याशी बोलत नाही. दादाने थांबावं का, आणि थांबावं तर त्याला सांगायचं कोणी, असं तुम्ही विचारलंय. मी नागपुरात मुलांना बॉक्सिंग शिकवतो आणि बाउटच्या वेळी बॉक्सरला सांभाळायला त्याच्या कॉर्नरमध्ये उभा राहतो. डॉक्टर नाही, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

पण त्याआधी एक गोष्ट. तुम्ही जाता जाता लिहिलंय की बाउटला तीन आठवडे होऊनही त्याचं डोकं जड असतं आणि जेवताना तीच गोष्ट दोनदा सांगतो. हे निवृत्तीच्या चर्चेत ढकलू नका. डोक्याला मार बसल्यावर मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू रक्त साचू शकतं आणि त्याची लक्षणं कित्येकदा काही आठवड्यांनी दिसतात. वयाबरोबर मेंदू थोडा आकसतो, त्यामुळे मेंदूपासून वरच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात आणि तेवढ्याच धक्क्याने लवकर फाटतात. म्हणून पंचविशीतल्या पोराची डोकेदुखी आणि ३८ व्या वर्षाची डोकेदुखी मी एका मापाने मोजत नाही. तुकडोजी पुतळ्याजवळच्या सुपर स्पेशालिटीत किंवा मिहानच्या एम्समध्ये दाखवा, याच आठवड्यात. "बॉक्सर आहे, तीन आठवड्यांपूर्वी बाउट थांबवली होती" हे वाक्य डॉक्टरांना पहिलं सांगा. तो रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल तर तेही सांगा. उलटी, गुंगी, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणं, बोलताना अडखळणं यातलं काही दिसलं तर ओपीडीची वाट न बघता थेट इमर्जन्सीत न्या.

आता मूळ प्रश्न. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून माझं मत त्याने बाउट खेळणं थांबवावं असं आहे. पण तो हरला म्हणून नाही. हरण्यावरून फार थोडं कळतं.

हेवीवेट जगज्जेता राहिलेल्या व्लादिमिर क्लिच्कोचं बघा. नोव्हेंबर २०१५ मध्ये ड्युसेलडॉर्फला टायसन फ्युरीकडून तो गुणांवर हरला. मोठी दुखापत नाही, पण बारा राऊंडमध्ये त्याने जेमतेम ठोसे मारले, हात सुटतच नव्हता. तेव्हा तो थांबला नाही. एप्रिल २०१७ मध्ये वेम्बलीवर अँथनी जोशुआशी खेळला तेव्हा तो ४१ चा होता, जोशुआ २७ चा. सहाव्या राऊंडमध्ये त्याने जोशुआला खाली पाडलं, आणि अकराव्यात स्वतः थांबवला गेला. ती त्याच्या उतारवयातली सगळ्यात चांगली बाउट होती असं म्हणणारे बरेच आहेत, मीही त्यातलाच. पुन्हा जोशुआशीच बाउट करायची सोय करारात होती, पैसा प्रचंड होता. त्याने ऑगस्टमध्ये निवृत्ती जाहीर केली. हरतानाही चांगला खेळलाय, अंगात अजून शिल्लक आहे, अशा वेळी थांबणं सोपं नसतं, पण शरीराच्या दृष्टीने वेळ तीच असते. दादा जर म्हणत असेल की "मी चांगला खेळलो, थोडक्यात हरलो", तर ते खेळत राहण्याचं कारण होत नाही.

आता जॉर्ज फोरमन. प्रत्येक चाळिशीतला हेवीवेट मला हे नाव ऐकवतो, तुमचा दादाही ऐकवेलच, म्हणून जरा नीट सांगतो. फोरमनने ५ नोव्हेंबर १९९४ ला, वयाच्या ४५ व्या वर्षी, मायकल मूररला दहाव्या राऊंडमध्ये नॉकआउट करून जागतिक किताब परत मिळवला. खरं आहे. पण १९७७ मध्ये जिमी यंगकडून हरल्यावर तो दहा वर्षं रिंगमध्ये उतरलाच नव्हता. ज्या वयात बाकीचे हेवीवेट सर्वांत जास्त मार खातात, त्या वयात त्याच्या डोक्याला कोणी हात लावला नाही. परत आल्यावर तो लगेच किताबासाठी धावला नाही, साध्या प्रतिस्पर्ध्यांशी एकामागून एक बाउट खेळत वर आला. आणि मूररविरुद्ध तो तिन्ही पंचांच्या कार्डांवर मागे होता. म्हणजे तोपर्यंतचे बरेच राऊंड तो मार खात होता, आणि एका उजव्या हाताने सगळं फिरलं. दादाला विचारा, तुझी दहा वर्षांची विश्रांती कुठे आहे?

हेवीवेट जास्त वर्षं का टिकतात याला साधी कारणं आहेत. खालच्या वजनगटातल्या पोरांना दर स्पर्धेआधी वजन तोडावं लागतं, पाणी बंद करावं लागतं, त्याने शरीर लवकर झिजतं. हेवीवेटला वरची मर्यादाच नाही. (आपल्याकडे तर उलटं, सावजी बंद करा म्हणून हातापाया पडावं लागतं.) शिवाय ठोशातली ताकद सगळ्यात शेवटी जाते. म्हणून चाळिशीतला हेवीवेट बॅगवर मारताना अजून भीतीदायक वाटतो, आणि तो बघून घरचे, मित्र, कधी कधी कोचसुद्धा फसतात. आधी जातात ते पाय. मग नजर आणि पाय यांच्यातला तो एक क्षण. जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) येताना दिसतो, पण डोकं बाजूला होईपर्यंत तो लागून गेलेला असतो. म्हातारा होत चाललेला बॉक्सर कधी "मला दिसलाच नाही" म्हणत नाही. तो म्हणतो, "सर, दिसत होता, पण लागला." हे वाक्य ऐकलं की मी वहीत लिहून ठेवतो. समोरच्याचा ठोसा मात्र तोच शंभर किलोचा असतो, आणि कवटीच्या आतला मेंदू काही वजनगटाप्रमाणे मोठा होत नाही.

मी बाउटपेक्षा स्पॅरिंगकडे, म्हणजे जिममधल्या सरावाच्या लढतींकडे, जास्त बघतो, आणि तुम्हालाही तेच सांगेन. "एक बाउट अजून" हे ऐकायला सहा किंवा आठ राऊंड वाटतं. पण त्या बाउटसाठी आठ आठवड्यांची तयारी धरा, आठवड्याला तीन दिवस स्पॅरिंग, दिवसाला पाच राऊंड. झाले १२० राऊंड. बॉक्सरच्या डोक्याला बसणाऱ्या ठोशांपैकी मोठा वाटा जिममधला असतो, जिथे ना पंच असतात, ना डॉक्टर, ना कोणी मोजत असतं. त्यात नागपूरची एक वेगळी अडचण आहे. मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलातून अल्फिया पठाणसारखी मुलगी ८१ किलोच्या वरच्या गटात २०२१ ची युवा जागतिक विजेती झाली, त्यामुळे मोठं वजन आपल्याकडे होतच नाही असं नाही. पण रोज स्पॅरिंगला शंभर किलोचे चार-पाच पुरुष बॉक्सर इथे मिळत नाहीत. मग दोनच वाटा उरतात. एक तर ६५-७० किलोच्या चपळ पोरांबरोबर खेळायचं, ज्यात त्या पोरांना धोका आणि दादाचा काही फायदा नाही. नाही तर वीस-बावीस वर्षांचा एकच दांडगा पोरगा शोधायचा, जो रोज नाव करायला मारतो. ३८ वर्षांचा माणूस याच दुसऱ्या वाटेने जातो. आणि हे सगळं एप्रिल-मेमध्ये, ४५ अंशांत, पत्र्याच्या शेडखाली असेल तर त्याबद्दल बोलायलाच नको.

त्यामुळे त्याच्या कोचला भेटा. बाउटचा नाही, गेल्या वर्षभरातल्या स्पॅरिंगचा व्हिडिओ मागा. हल्ली मोबाइलवर सगळे काढतात. दोन वर्षांपूर्वीचा असेल तर आणखी चांगलं, दोन्ही शेजारी ठेवून बघा. तिसऱ्या राऊंडनंतर जॅब टाकून त्याचा हात हनुवटीकडे परत येतो की छातीशी रेंगाळतो. मागे सरकताना पाय एकमेकांवर येतात का. क्लिंच (समोरच्याला मिठी मारून धरणं) तो डाव म्हणून करतोय की श्वास घ्यायला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जो पोरगा फार जोरात मारत नाही त्याच्या साध्या हुकने (बाजूने येणाऱ्या ठोशाने) दादाचे गुडघे हलतात का. पहिल्या तीन गोष्टी काही अंशी मेहनतीने सुधारतात. चौथी सुधारत नाही. हनुवटी, म्हणजे ठोसा पचवण्याची ताकद, एकदा गेली की ती परत येत नाही, मान कितीही जाड करा. ती दिसली तर मी पुढची चर्चा करत नाही.

डॉक्टरी तपासण्यांबद्दलही सांगतो, कारण दादा म्हणेल की रिपोर्ट नॉर्मल आले तर मी खेळणार. महंमद अलीने ऑक्टोबर १९८० मध्ये लॅरी होम्सशी बाउट खेळली, तेव्हा तो ३८ चाच होता. त्याआधी त्याची मेयो क्लिनिकमध्ये तपासणी झाली होती (आपलं नागपूरचं मेयो नव्हे, अमेरिकेतलं). बोट नाकाला लावताना किंचित चुकतो, एका पायावर उड्या मारताना हवी तेवढी चपळाई नाही, अशा नोंदी त्यात होत्या. तरी परवाना मिळाला. त्याचे जुने डॉक्टर फर्डी पाचेको १९७७ मध्येच, शेव्हर्सच्या बाउटनंतर, बाजूला झाले होते. होम्सने त्याला दहा राऊंड अक्षरशः धुतलं, तेव्हा कॉर्नरमधून त्याचा कोच अँजेलो डंडीने बाउट थांबवली. तरीही १९८१ मध्ये अली पुन्हा उतरला, बर्बिककडून हरला. १९८४ मध्ये पार्किन्सनचं निदान झालं. पुढे संशोधकांनी त्याच्या जुन्या मुलाखतींमधलं बोलणं मोजलं, तर २६ व्या वर्षापासून ३९ व्या वर्षापर्यंत त्याच्या बोलण्याचा वेग सुमारे चतुर्थांशाने कमी झालेला दिसला. म्हणजे खेळत असतानाच बदल होत होता, सगळ्यांना ऐकू येत होता.

म्हणून एमआरआय जरूर करा, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करा (बाहुली मोठी करून, नुसता चष्म्याचा नंबर नव्हे), न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. पण नॉर्मल रिपोर्टचा अर्थ "आज रक्तस्राव नाही, पडदा सुटलेला नाही" एवढाच घ्या. वर्षानुवर्षं बसलेल्या ठोशांनी मेंदूत जी झीज होते, ती ठोशांनी भ्रमिष्ट झालेल्या बॉक्सरांच्या रूपाने १९२८ मध्येच हॅरिसन मार्टलंड या डॉक्टरने नोंदवली होती. आजही तिचं पक्कं निदान माणूस गेल्यावरच होतं. याउलट, घरी करता येण्यासारखी एक गोष्ट आहे: दादाचे पाच-सहा वर्षांपूर्वीचे लग्नातले, सत्कारातले व्हिडिओ शोधा आणि त्याचं बोलणं ऐका. मग आजचं ऐका. डॉक्टरांनाही दोन्ही ऐकवा.

परवाना आणि नियम दादाला थांबवतील या भरवशावर राहू नका. हौशी बॉक्सिंगमध्ये वरिष्ठ गटाला चाळिशीची वयोमर्यादा आहे, आणि नॉकआउट किंवा डोक्याला मार बसून बाउट थांबली तर निदान ३० दिवस रिंगबाहेर बसावं लागतं, लवकरच पुन्हा तसं झालं तर ९०. व्यावसायिकमध्ये वयाचं बंधन सैल आहे आणि एका ठिकाणी नाही म्हटलं तर दुसऱ्या ठिकाणी हो मिळतं. माजी हेवीवेट जगज्जेता इव्हँडर होलीफिल्ड २००४ च्या शेवटी लॅरी डोनाल्डकडून हरला, तेव्हा न्यूयॉर्कच्या क्रीडा आयोगाने कौशल्य घसरल्याचं कारण देऊन त्याला तिथे खेळायला मनाई केली. तो दुसऱ्या राज्यांत आणि परदेशात जाऊन २०११ पर्यंत खेळत राहिला. आमच्याकडे मी साधा नियम ठेवलाय: पस्तिशी ओलांडलेल्याची बाउट थांबवली गेली तर तीन महिने डोक्याला ग्लोव्ह लागणार नाही, स्पॅरिंगमध्येही नाही. धावायचं, बॅग मारायची, कोचच्या हातातल्या पॅडवर मारायचं. बहुतेक जण या तीन महिन्यांतच स्वतःहून निर्णयाला येतात, कारण तोवर हरल्याचा राग गेलेला असतो.

आता ज्या गोष्टी मला तुमच्या प्रश्नातून कळत नाहीत आणि ज्यावर उत्तर बदलू शकतं. पुढची बाउट कोणी देऊ केली? समोर कोण? जर समोर सात-आठ बाउट जिंकलेला तरुण असेल, तर दादाला बोलावलंय ते त्याच्या जुन्या नावासाठी. प्रमोटरला आपल्या पोराच्या खात्यावर एक ओळखीचं नाव हवं असतं. हे वाईट वाटेल, पण धंदा असाच चालतो. दुसरं, पैशाचं काय? रेल्वेची नोकरी आहे म्हणजे घर बाउटवर चालत नाही, हे मोठं भाग्य समजा. पण अंगावर कर्ज असेल आणि तो ते सांगत नसेल, तर तो प्रश्न बॉक्सिंगचा नाही आणि बाउटने सुटणारही नाही. जो लुईससारखा बारा वर्षं जगज्जेता राहिलेला माणूस करांच्या थकबाकीसाठी परत आला आणि १९५१ मध्ये, ३७ व्या वर्षी, मार्सियानोकडून आठव्या राऊंडमध्ये दोरांबाहेर फेकला गेला. त्या पैशाने त्याची थकबाकी फिटली नाही.

सांगायचं कोणी? वहिनींनी नाही, आईनेही नाही. घरचे म्हणाले की त्याला वाटतं यांना भीती वाटते म्हणून म्हणतात, आणि भीती मोडून काढणं हेच तर तो आयुष्यभर शिकलाय. त्याच्या पहिल्या कोचने सांगावं, ज्याच्या हाताखाली तो पोरगा असताना आला. जिमच्या गर्दीत नाही, फुटाळ्यावर फिरायला नेऊन. आणि "तू थकला" असं म्हणू नये, व्हिडिओ दाखवावा. बॉक्सर माणूस व्हिडिओशी भांडत नाही. तुम्ही एवढंच करा की त्या कोचला आधी भेटून डॉक्टरांचे कागद त्याच्या हातात द्या.

निरोपाच्या बाउटची कल्पना कोणीतरी काढेल. तिला मी ठाम विरोध करतो, कारण समोरच्याला तो निरोप आहे हे कोणी सांगितलेलं नसतं. फारच हौस असेल तर तीन राऊंडचा प्रदर्शनीय सामना ठेवा, मोठे ग्लोव्ह, हेडगार्ड, समोर ओळखीचा माणूस, ठोसे आवरून. तोही डॉक्टरांनी हो म्हटलं तरच. जानेवारी १९८० मध्ये दिल्लीत अली आणि आपले कौर सिंग असाच प्रदर्शनीय सामना खेळले होते, आणि लोक आजही तो आठवतात.

थांबल्यावर त्याला काम द्या, सत्कार पुरे. पतियाळाच्या एनआयएसमधला प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम, पंचांची परीक्षा, यांपैकी काहीतरी रजा काढून करू दे. विदर्भात मोठ्या वजनाच्या पोरांना पॅड धरणारा शंभर किलोचा माणूस मिळत नाही, तो नुसता रोज संध्याकाळी उभा राहिला तरी चार पोरांचं भलं होईल. व्यायाम एकदम बंद करू देऊ नका. वजन, रक्तदाब, झोप आणि दारू या चार गोष्टींवर पहिलं वर्षभर लक्ष ठेवा. स्पॅरिंग मात्र "नुसतं हलकं" म्हणूनही नको.

आणि एवढं सगळं होऊनही त्याने खेळायचंच ठरवलं तर? तो सज्ञान आहे, आपण बांधून ठेवू शकत नाही. माझ्याकडे असा बॉक्सर आला तर माझ्या अटी अशा असतात: तीन महिने पूर्ण, न्यूरॉलॉजिस्टचा लेखी होकार, आठवड्याला एकच दिवस स्पॅरिंग आणि तेही मी निवडलेल्या जोडीदाराशी, सहा राऊंडपेक्षा लांब बाउट नाही, प्रतिस्पर्ध्याचे व्हिडिओ बघूनच होकार. आणि बाउट थांबवायचा निर्णय पूर्णपणे माझा, त्यावर नंतर भांडण नाही, हे वहिनींसमोर कबूल करायचं. यातली एक जरी अट मान्य नसेल तर मी त्याच्या कॉर्नरमध्ये उभा राहत नाही, आणि त्याच्या सध्याच्या कोचनेही राहू नये असं माझं मत आहे. त्याला तसं स्पष्ट विचारा.